पहाटे चारचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका रात्री मी घरातली एकेक गोष्ट बंद करत गेले. दिवे, पंखे, फ्रिज, वायफायचा डबा, इन्व्हर्टर. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून जिन्याखालच्या मीटरच्या पेटीसमोर उभी राहिले. चालू होता तो फक्त परसातल्या हौदातला पंप. आमच्या मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला आहे. एक युनिट वीज गेली की त्यावरचा इवलासा लाल दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकतो. अंधारात तो लुकलुकला, मी मोजायला लागले, आणि पंधराव्या सेकंदाला पुन्हा लुकलुकला. परत मोजलं. परत पंधरा.

गणित सोपं आहे. तासाचे ३६०० सेकंद, त्यांना ३२०० ने भागायचं आणि जे येईल त्याला या पंधराने. ०.०७५ किलोवॅट, म्हणजे ७५ वॅट. पंपावरच्या चिठ्ठीवर ६० लिहिलेलं होतं. पंप दिवसरात्र चालणार, म्हणजे दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४, वर्षाला साडेसहाशेच्या वर. आमच्या फ्रिजच्या दारावर ताऱ्यांची पट्टी आहे, तिच्यावर वर्षाला २३५ युनिट असं लिहिलंय. अख्ख्या घराचं दूध-भाजी सांभाळणाऱ्या फ्रिजच्या जवळजवळ तिप्पट वीज परसातलं एक मुठीएवढं यंत्र खात होतं.

हे मोजायचं मला तीन महिने आधी सुचलं असतं, तर पाटील वाचला असता.

पाटील म्हणजे आमचा कोई मासा, जपानी कार्प जातीचा, शोभेचा. पांढऱ्या अंगावर केशरी पटका बांधल्यासारखा पट्टा, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला पाटील म्हणायला सुरुवात केली. त्याच्यासोबत आणलेली दुसरी मग आपोआप पाटलीणबाई झाली. हौद अण्णांनीच १९८८ साली बांधून घेतलेला. छत्रपती संभाजीनगरात नळाचं पाणी किती दिवसांनी येतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा साठवणीसाठी प्रत्येकाच्या परसात असा एखादा हौद असे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी अडीच फूट. शंभर घनफूट, म्हणजे अठ्ठावीसशे लिटर. पुढे गच्चीवर टाक्या आल्या आणि हौद रिकामा पडला. तो बुजवून तिथे गाडी लावावी असं घरात सगळ्यांचं मत होतं, एकट्या अण्णांचं सोडून. त्यांनी त्यात मासे सोडले. आधी डासांच्या अळ्या खायला गप्पी, मग सोनमासे, मग हे दोन कोई. संध्याकाळी ते खुर्ची टाकून काठावर बसत, आणि त्यांच्या चपलांचा आवाज आला की पाटील कडेला येऊन उभा राही.

अण्णा गेले त्या वर्षी मुलाने हौदावर धबधबा करून दिला. दगड रचले, सहा फूट उंचीवरून पाणी पडेल असं केलं, पाऊण इंची पाइप चार ठिकाणी वाकवून मागून वर नेला. दिसायला फार सुंदर होतं ते. पंप त्याच्यासाठी आणलेला. खोक्यावर लिहिलेलं, तासाला ३५०० लिटर.

यंदाच्या मार्चमध्ये विजेचं बिल पाहून मी हादरले. घरगुती विजेचे टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, असे चढत जाणारे. आमचा महिन्याचा वापर तीनशेच्या आगेमागे असतो. म्हणजे पंपाचे युनिट थेट त्या महाग टप्प्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडत होते. म्हटलं, रात्री कोण बघतंय धबधबा? प्लगला लावायचा टायमर आणला. रात्री दहाला पंप बंद, सकाळी सहाला चालू. तेवढ्याने एकतृतीयांश वीज वाचणार होती. एप्रिलचं बिल कमी आलं, मी खूश झाले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पावणेसहाच्या सुमारास, तुळशीला पाणी घालायला म्हणून परसात गेले. हौदाकडे पाहिलं तर सगळे सोनमासे पाण्याच्या वरच्या थरात, अंगं तिरकी करून, तोंडं बाहेर काढून उभे. त्यांच्या ओठांची उघडझाप ऐकू येत होती. खरंच ऐकू येत होती, ओल्या बोटाने काचेवर हळूच टिचकी मारावी तसा आवाज. गप्पींना काही झालं नव्हतं, ते आपले पृष्ठभागालगत फिरत होते. पाटलीणबाई धबधब्याच्या कोरड्या दगडाखाली तोंड लावून होती, जिथून एरवी पाणी पडतं तिथे. आणि पाटील पाणशेवाळाच्या झुबक्यात आडवा झालेला, कल्ले फाकलेले. मी हात घालून त्याला सरळ धरलं. थोडा वेळ धरून ठेवलं. सहा वाजले, टायमर टक् झाला, धबधबा सुरू झाला, आणि तो माझ्या हातात तसाच राहिला.

आमच्या गल्लीत मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी हौदाभोवती एक चक्कर मारली, टायमर पाहिला आणि एवढंच विचारलं, "ताई, पहाटे चारला कधी पाहिलंय का हे पाणी?"

नव्हतं पाहिलं. आपण हौदाकडे बघतो ते सकाळी आणि संध्याकाळी, आणि दोन्ही वेळा पाणी बऱ्यापैकी बऱ्या अवस्थेत असतं. काकांनी मग समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना मला आपण काय केलं ते एकेक पायरीने कळत गेलं. पाण्यातली वनस्पती आणि हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात. अंधार पडला की तेही माशांसारखेच प्राणवायू घ्यायला लागतात. रात्रभर सगळे घेणारेच, देणारा कोणी नाही. म्हणून पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. त्यात उन्हाळा. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसात. पाणी जितकं गरम तितकं ते कमी धरतं, आणि नेमकं तेव्हाच माशांचं शरीर जास्त मागतं. मोठा मासा आधी जातो, त्याची गरज मोठी. गप्पी टिकतात, कारण हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर त्यांना पुरतो. शेततळ्यात मासे पाळणारे शेतकरी हवा घुसळायची यंत्रं रात्री आणि पहाटे चालवतात, दुपारी नाही. मी बरोबर उलटं केलं होतं. पाण्याला ज्या आठ तासांत पंप सगळ्यात जास्त हवा होता, तेच आठ तास मी निवडून बंद ठेवले होते.

पंपाचं पाणी ज्यातून गाळून जातं त्या फिल्टरचंही तसंच. त्यातल्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया विषारी. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट, आणि नायट्रेट मग झाडं खातात. या वस्तीला वाहतं, हवेशीर पाणी अखंड लागतं. काही तास पाणी थांबलं की ती गुदमरते. पंप सुरू करताना येणारा तो कुबट वास मला महिनाभर येत होता. मी त्याला उन्हाळा म्हणत होते.

काका जाताना म्हणाले, "वीज वाचवायची ना, वाचवा. पण माशाच्या नाकाशी नका वाचवू."

मग कुठे वाचवायची, हा प्रश्न मी त्या दिवसापासून धरून बसले. पाटलाला हौदाशेजारच्या कढीपत्त्याखाली पुरलं, टायमर काढून कपाटात टाकला, आणि ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही. मीटरसमोरची ती रात्र त्यातूनच आली.

दुसऱ्या दिवशी बादली घेतली. वीस लिटरची, न्हाणीघरातली. धबधब्याच्या तोंडाशी धरली आणि घड्याळ लावलं. भरायला बरोबर एक मिनिट लागलं. म्हणजे तासाला बाराशे लिटर. खोक्यावर पस्तीसशे! मला आधी फसवल्यासारखं वाटलं, पण खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो पाणी अजिबात वर चढवायचं नसताना, पंपाच्या तोंडाशी मिळणारा आकडा असतो. त्याच खोक्यावर दुसऱ्या बाजूला कमाल उंची तीन मीटर असंही असतं, आणि त्याचा अर्थ असा की तीन मीटरवर पाणी शून्य. या दोन टोकांच्या मधे आपण कुठे उभे आहोत ते खोकं सांगत नाही. ते बादलीच सांगते. ज्यांच्याकडे हौद, कारंजं, अगदी गच्चीवरचं छोटं कमळकुंड असेल त्यांनी पंपाबद्दल काहीही ठरवण्याआधी बादली लावावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बादली आणि मीटरचा दिवा. दोन्ही फुकट आहेत.

वायरमनने सुचवलं की काकू, व्हॉल्व्ह अर्धा बंद करा, पाणी कमी, वीज कमी. ते करून पाहिलं. बादली भरायला दोन मिनिटं लागायला लागली, आणि दिवा सोळा सेकंदांनी. पाणी निम्मं झालं आणि वीज जवळजवळ तेवढीच. पंप आतून तितक्याच जोराने फिरत राहतो, फक्त दारावर डोकं आपटत राहतो.

या सगळ्या दिवसांत मला राहून राहून पाणचक्की आठवत होती. शाळेत असताना सहलीला नेलं होतं तेव्हाची. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी, उंचावरून मोठ्या हौदात धो धो पडणारं पाणी आणि त्या हौदात फिरणारे मासे. आम्ही मुली डब्यातल्या पोळीचे तुकडे टाकत होतो. ते पाणी दूरच्या डोंगराकडच्या झऱ्यातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांमधून येतं. मधे मनोऱ्यासारखी उंच बांधकामं आहेत, त्यांत पाणी आपण होऊन वर चढतं, पुढे उतरतं, आणि शेवटी पडताना पूर्वी जातं फिरवायचं. त्या पिठावर दर्ग्यातल्या लोकांचं जेवण व्हायचं. या शहराला अशी नहरींची सवय मलिक अंबरापासून आहे. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात खेळवलं. कुठे मोटार नाही, बैलसुद्धा नाही. उगम उंचावर आहे, म्हणून त्या उंचीपर्यंत पाणी कुठेही चढतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं.

माझ्या परसाला डोंगर नाही. माझ्या हौदातलं पाणी जितकं वर चढवायचं तितकं मलाच चढवायला हवं, दिवसातून चोवीस तास. हे एकदा मनात नीट बसलं तेव्हा त्या धबधब्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला शास्त्राप्रमाणे फक्त २.७ वॅट-तास लागतात. माझा पंप बाराशे लिटर पाणी सहा फूट, म्हणजे १.८ मीटर उचलत होता. त्याचे झाले सहा वॅटसुद्धा नाहीत. आणि मी देत होते पंचाहत्तर. उरलेले सगळे छोट्या पंपाच्या पोटात पाणी घुसळण्यात, तांब्याच्या वेटोळ्यात आणि त्या अरुंद, चार वळणांच्या पाइपच्या भिंतींशी घासण्यात जात होते.

मुलाला फोन केला. त्याने रचलेले दगड उतरवायचे म्हणताना मला जड गेलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, उतरव. मी आलो की दोघं मिळून खाली नीट करू." आला तेव्हा आम्ही तेच केलं. धबधबा सहा फुटांवरून दीड फुटावर आणला. शहाबादी फरशीचा एक तुकडा आडवा बसवला, म्हणजे पाणी बारीक धारेऐवजी पसरट पडद्यासारखं पडेल आणि पृष्ठभाग जास्त मोडेल. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पाण्याचा पृष्ठभाग मोडतो तिथे. उंचीपेक्षा ही मोडतोड महत्त्वाची. पाऊण इंची पाइप काढून सव्वा इंची टाकला, काटकोनातली चार वळणं जाऊन एकच उरलं. पाइपचा व्यास वाढला की घर्षण पाचाच्या घाताने उतरतं. पाऊणवरून सव्वावर गेल्याने ते बारा-तेरा पटींनी कमी झालं. पाइपचे पैसे एकदाच गेले, तेही फार नाहीत.

मग तोच जुना पंप लावून तीच बादली धरली. चोवीस सेकंद. तासाला तीन हजार लिटर. पंप तोच, वीज तीच, आणि पाणी अडीचपट! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

पण एवढं पाणी हवं होतं कोणाला? माशांच्या हौदाचं पाणी साधारण दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं की पुरतं. अठ्ठावीसशे लिटरला तासाला चौदाशे. म्हणजे आता पंप बदलायला मोकळीक होती. वीस वॅटचा, बारा व्होल्टवर चालणारा डीसी पंप आणला. याच्या मोटारीचं तत्त्व नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी छतपंख्यांसारखंच, जुना पंखा ७५ वॅट घेतो तिथे नवा तिसाच्या आसपास घेतो, तसलं. बादली अठ्ठेचाळीस सेकंदांत भरली. तासाला पंधराशे लिटर. आधीच्या पंचाहत्तर वॅटच्या बाराशेपेक्षा जास्तच.

त्याच्या जोडीला पाच वॅटचा हवेचा पंप, रात्री दहा ते सकाळी आठ. एका कोपऱ्यात बुडबुड्यांचा दगड सोडून ठेवला आहे. टायमर कपाटातून पुन्हा बाहेर काढला तो याच्यासाठी. बारा व्होल्टचा आणखी एक फायदा आमच्या भागात मोठा आहे. मे महिन्यात वादळवाऱ्याने वीज जाते ती नेमकी रात्री. सात अँपिअर-अवरची साधी बॅटरी वीस वॅटचा पंप तीनेक तास ओढते, आणि नुसता हवेचा पंप तर रात्रभर. सौर पॅनेलवर सरळ पंप जोडा असंही दोघातिघांनी सुचवलं. बॅटरीशिवाय तो चालणार दिवसा, म्हणजे पाण्यातली झाडं स्वतःच प्राणवायू देत असतात तेव्हा, आणि थांबणार अंधार पडला की. ती चूक मी एकदा केली आहे.

बाकी देखभाल किरकोळच. बोअरचं पाणी जड, त्यामुळे पंपाच्या पात्यांवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवून दात घासायच्या ब्रशने घासते. स्पंज दर आठवड्याला, पण नळाच्या पाण्यात नाही, हौदातून काढलेल्याच बादलीभर पाण्यात, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात. ते काळं पाणी कढीपत्त्याला.

आता महिन्याला १४ युनिट आणि हवेच्या पंपाचं दीड. चोपन्नाचे सोळासुद्धा नाहीत. पैशांत पाहिलं तर दरमहा काही शे रुपये, एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं शेजारणीने विचारलं. मला मराठवाड्यात राहून वीज आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. वाफ करायला आणि यंत्रं थंड करायला पाणी नव्हतं. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. अशा मुलखात परसात मासे पाळायचे तर त्या पाण्याचा आणि विजेचा हिशोब आपण स्वतः ठेवलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. धबधबा खाली आणल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. हौदाच्या भिंतीवर मी खिळ्याने खूण केली आहे. पूर्वी उन्हाळ्यात दोन दिवसांत पाणी तिच्याखाली तीन बोटं उतरायचं, आता दोन. सहा फुटांवरून पडताना जे तुषार उडायचे आणि वाऱ्यावर जायचे ते आता उडत नाहीत.

परवा रात्री पुन्हा सगळं बंद करून मीटरपाशी गेले. हवेचा पंपही थोडा वेळ काढून ठेवला. दिवा लुकलुकला, मी मोजायला लागले. वीस, तीस, चाळीस. मधे वाटलं मीटर बंद पडलं की काय. पन्नास. छप्पन्नाला लुकलुकला.

नंतर झोप लागली नाही, म्हणून चारला उठून परसात गेले. हल्ली जातेच. टॉर्च थेट पाण्यात मारायची नाही, मासे दचकतात. भिंतीवर मारायची आणि पसरलेल्या उजेडात बघायचं. फरशीवरून पाणी पडत होतं. सोनमासे खाली, तळाशी, एकमेकांना खेटून. कोपऱ्यात बुडबुडे. पाटलीणबाई पडद्याच्या मागे, पाणी पडतं तिथे प्रवाहाला तोंड करून, जागच्या जागी शेपूट हलवत उभी होती. मी अण्णांच्या जुन्या चपला घातल्या होत्या. आवाज ऐकून ती वळली आणि कडेला आली.